७० या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एवढ्या संख्या पडल्यात, मग ७० च का?

कारण पहिल्या शंभरात हिच्याइतकी भरगच्च आणि तरी हिच्याइतकी दुर्लक्षित संख्या दुसरी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ६ आणि २८ चं कौतुक सगळेच करतात, १७२९ (रामानुजनची म्हणून गाजलेली) तर आता टीशर्टवर पण दिसते, आणि ७० म्हटलं की लोकांना वाटतं ७ ला एक शून्य लावलं, झालं. प्रत्यक्षात हिच्यात तीन-चार गोष्टी खरंच खोल आहेत आणि बाकी बऱ्याच नुसत्या गमती आहेत, पण नेटवरच्या याद्यांमध्ये हे सगळं एकाच पंगतीत बसवलेलं असतं, त्यामुळे कशाला भाव द्यायचा आणि काय वाचून सोडून द्यायचं ते कळतच नाही. म्हणून इथे जमेल तिथे सांगत जाणार आहे की हा गुण संख्येचा स्वतःचा आहे की आपण ती ज्या पद्धतीने लिहितो त्याचा.

आधी बेसिक माहिती द्या. मूळ आहे की संयुक्त? विभाजक किती?

संयुक्त. ७० = २ × ५ × ७, तीन वेगवेगळ्या मूळ संख्या आणि प्रत्येक एकदाच, म्हणजे कुठल्याही वर्गाने (१ सोडून) भाग जात नाही. विभाजक आठ: १, २, ५, ७, १०, १४, ३५, ७०. या आठांची बेरीज १४४, जी १२ चा वर्ग आहे (गंमत, फार अर्थ काढू नका). ७० पेक्षा लहान आणि ७० शी १ सोडून काहीच सामाईक नसलेल्या संख्या २४ आहेत, १ × ४ × ६ असा हिशोब होतो. हा २४ पुढे एका मोठ्या गोष्टीत परत येणार आहे, पण त्याचा या २४ शी काही संबंध नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी कनेक्शन शोधत बसेल.

७० विपुल आहे, न्यून आहे की परिपूर्ण?

विपुल, पण अगदी काठावरची. ही विभागणी फार जुनी आहे, साधारण इ.स. १०० च्या सुमाराला निकोमाकस नावाच्या ग्रीक गणितज्ञाने संख्यांचे हे तीन वर्ग मांडले होते. संख्या स्वतः सोडून बाकीचे विभाजक मिळवायचे, बेरीज संख्येइतकीच आली तर परिपूर्ण (६ = १ + २ + ३), कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल. ७० साठी १ + २ + ५ + ७ + १० + १४ + ३५ = ७४. फक्त ४ ने जास्त. हा ४ लक्षात ठेवा, सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

अजून एक म्हणजे ७० चे जे छोटे विभाजक आहेत ते सगळे स्वतः न्यून आहेत. १० घ्या, १ + २ + ५ = ८. १४ घ्या, १ + २ + ७ = १०. ३५ तर १३ वरच थांबते. म्हणजे ७० ला विपुलपणा कुणाकडून वारशात मिळालेला नाही, तिचा तिने स्वतः कमावलाय. ६० चं तसं नाही, ती ६ च्या पटीत आहे म्हणून विपुल होणारच होती.

विचित्र संख्या म्हणजे काय? लोक ७० ला विचित्र का म्हणतात?

हा या पानावरचा मुख्य प्रश्न. विपुल संख्येकडे विभाजकांची बेरीज गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे साहजिक वाटतं की त्यातले काही विभाजक निवडून बरोब्बर ती संख्या बनवता येईल. बहुतेक वेळा येतेच. १२ बघा, ६ + ४ + २ = १२. २० बघा, १० + ५ + ४ + १ = २०. पण काही संख्या अशा निघतात की बेरीज जास्त आहे, तरी कसेही निवडा, नेमकी तेवढी बेरीज जमतच नाही. म्हणजे खिशात पैसे आहेत पण सुट्टे नाहीत. अशा संख्येला विचित्र म्हणतात, हे नाव १९७२ मध्ये स्टॅन बेन्कोस्कीने रूढ केलं, आणि ७० ही सगळ्यात छोटी विचित्र संख्या आहे.

सात विभाजकांतून निवड करायची म्हणजे १२८ शक्यता झाल्या. सगळ्या तपासायच्या?

नाही हो, उलट्या बाजूने बघा. सगळे घेतले तर ७४ येतात, आपल्याला ७० पाहिजेत, म्हणजे काहीतरी काढून टाकायचंय ज्याची बेरीज बरोबर ४ असेल. आता ४ पेक्षा लहान विभाजक फक्त १ आणि २, दोन्ही मिळून ३. त्यानंतरचा विभाजक थेट ५. म्हणजे ४ बनतच नाही. संपलं सिद्ध करून, दोन ओळीत. मला विचाराल तर ७० ची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, आणि एकही सूत्र लागलं नाही.

पण सगळ्यात छोटी कशावरून?

७० च्या खाली विपुल संख्या आहेतच तेरा: १२, १८, २०, २४, ३०, ३६, ४०, ४२, ४८, ५४, ५६, ६०, ६६. त्यातल्या दहा ६ च्या पटीत आहेत, आणि ६ च्या पटीतल्या कुठल्याही संख्येचा अर्धा + तिसरा भाग + सहावा भाग केला की ती संख्याच येते, म्हणजे त्या कधीच विचित्र होऊ शकत नाहीत. राहिल्या २०, ४० आणि ५६. २० चं वर झालं, ४० म्हणजे त्याचीच दुप्पट (२० + १० + ८ + २), आणि ५६ ही २८ ची दुप्पट आणि २८ परिपूर्ण, म्हणून २८ + १४ + ८ + ४ + २ = ५६. तेराच्या तेरा बाद.

पुढच्या विचित्र संख्या कुठल्या?

८३६, ४०३०, ५८३०, ७१९२, ७९१२, ९२७२. दहा हजारांच्या आत ७० धरून सातच. ८३६ ची गंमत बघा, ती ४ × ११ × १९ आहे, विभाजकांची बेरीज ८४४, म्हणजे जादा ८, आणि छोटे विभाजक १, २, ४ मिळून ७, त्यानंतर एकदम ११. परत तेच, एकाने हुकतं. ४०३० आणि ५८३० मध्ये तर जादा ४ च आहे आणि सुरुवातीचे विभाजक १, २, ५, म्हणजे ७० चीच युक्ती जशीच्या तशी लागू. एवढ्या विरळ दिसतात म्हणून कुठेतरी संपतील असं वाटतं पण नाही, बेन्कोस्की आणि पॉल एर्डिश यांनी १९७४ मध्ये दाखवलं की लांबवर गेलं तरी सगळ्या संख्यांमध्ये यांचं एक ठरावीक प्रमाण टिकून राहतं, शून्याकडे जात नाही.

विषम विचित्र संख्या आहे का?

अजून एकही सापडलेली नाही, आणि नसतेच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. १ वर २१ शून्य इथपर्यंत कॉम्प्युटरने शोधून झालंय. विषम विपुल संख्याच मुळात कमी, सगळ्यात छोटी ९४५, आणि तिच्याकडे सुट्टे भरपूर आहेत (जादा ३०, त्यातून २७ आणि ३ काढले की झालं). तुम्हाला कुठे "विषम विचित्र संख्या सापडली" असा व्हिडिओ दिसला तर आधी त्यांनी संख्या दिलीये का बघा, दिली नसेल तर पुढे सरका.

७० ला कशाने गुणलं तर विचित्रपणा टिकतो का?

छोट्या संख्येने गुणलं तर नाही टिकत. १४० ही २० च्या पटीत गेली, २१० ही ६ च्या पटीत गेली, आणि एकदा का बेरीज जमणारी संख्या आत शिरली की तिची सगळी पटं बिघडतात (म्हणजे सुधारतात, तुम्ही कसं बघता त्यावर आहे). पण १४४ पेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या घेऊन तिने ७० ला गुणा, उत्तर विचित्रच येतं. १४४ म्हणजे ७० च्या आठही विभाजकांची बेरीज, वर आली होती ती, तेव्हा मी फार अर्थ काढू नका म्हणालो ते ती वर्ग आहे त्याबद्दल, बेरजेला अर्थ आहेच. पहिली अशी मूळ संख्या १४९, म्हणून ७० × १४९ = १०४३०, मग १५१ ने १०५७०, असं चालू. मूळ संख्या कधी संपत नाहीत त्यामुळे विचित्र संख्याही अनंत आहेत हे फुकटात मिळालं.

१ ते २४ चे वर्ग आणि ७० चा वर्ग, हे काय प्रकरण आहे?

हे ते दुसरं खोल प्रकरण. १² + २² + ३² + … + २४² ही बेरीज करा, ४९०० येते, आणि ४९०० म्हणजे ७०². वर्गांच्या बेरजेचं सूत्र आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ग्रंथात दिलेलंच आहे, पद × (पद + १) × (दुप्पट पद + १) भागिले ६. त्यात २४ टाका: २४ × २५ × ४९ ÷ ६ = ४ × २५ × ४९. आता हे तीन आकडे नीट बघा, २ चा वर्ग, ५ चा वर्ग, ७ चा वर्ग. ७० चे तिन्ही मूळ अवयव आपापला वर्ग घेऊन हजर! हे पहिल्यांदा बघितलं की अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी आला.

प्रश्न असा की असं अजून कधी होतं का. १ चा वर्ग १ हे सोडलं तर कधीच नाही. फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुका यांनी १८७५ मध्ये तोफगोळ्यांच्या चौकोनी ढिगाचं कोडं म्हणून हे विचारलं (ढिगातले सगळे गोळे जमिनीवर पसरून पूर्ण चौरस कधी करता येईल), आणि पक्की सिद्धता यायला १९१८ उजाडलं, जी. एन. वॉटसन यांनी दिली. दिसायला शाळेतला प्रश्न आणि सिद्धता मात्र चांगलीच अवघड होती, सोप्या साधनांनी करायला अजून सहा-सात दशकं गेली.

मग १×१ पासून २४×२४ पर्यंतचे चौरस ७०×७० च्या चौरसात बसवता येतील ना?

क्षेत्रफळ जुळतं म्हणून सगळ्यांना वाटतं येतील. नाही येत. कॉम्प्युटरने सगळ्या शक्यता तपासून झाल्यात, काही ना काही बाहेर राहतंच.

२४ मितींचं आणि ७० चं काहीतरी नातं आहे म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि हे ऐकीव बढाईतलं नाही. २४ मितींच्या अवकाशात गोळे शक्य तितके दाटीने कसे रचायचे याचं उत्तर लीच जाळी नावाची एक रचना आहे, १९६७ मध्ये जॉन लीच यांनी मांडलेली, तिच्यात प्रत्येक गोळ्याला १,९६,५६० गोळे चिकटतात. यापेक्षा दाट रचना होऊच शकत नाही हे २०१६ मध्ये मरीना व्याझोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. आता ही जाळी बनवायच्या बऱ्याच पद्धती आहेत, त्यातली एक जॉन कॉनवे यांच्या कामातून आलेली, तिच्यात २६ मितींच्या एका अवकाशात ०, १, २, … २४ आणि शेवटी ७० अशी यादी घ्यायची. त्या अवकाशात शेवटच्या घटकाचा वर्ग मिळवायचा नसतो, वजा करायचा असतो, त्यामुळे या यादीची "लांबी" ४९०० − ४९०० म्हणजे शून्य येते, आणि लीच जाळी तिथूनच उलगडते. म्हणजे तोफगोळ्यांचं कोडं जुळलं नसतं तर ही पद्धतच चालली नसती. याच्यापुढचं समजून घ्यायला बरंच बीजगणित लागतं, इथे थांबतो.

२ च्या वर्गमुळाशी ७० चा काय संबंध?

९९ ÷ ७० = १.४१४२८५…, आणि खरं वर्गमूळ १.४१४२१३…, म्हणजे चौथ्या दशांशापर्यंत जुळतं. कारण ९९² = ९८०१ आणि ७०² ची दुप्पट ९८००, फक्त एकाचा फरक. असा एकाचा फरक देणाऱ्या जोड्या शोधायचा प्रश्न म्हणजे आपल्याकडची वर्गप्रकृती, ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये त्यावर भावना नावाची पद्धत दिली, दोन जोड्यांवरून तिसरी काढायची. करून बघा, (३, २) आणि (१७, १२) या दोन जोड्या घ्या. पहिला आकडा ३ × १७ + २ × २ × १२ = ५१ + ४८ = ९९. दुसरा ३ × १२ + २ × १७ = ३६ + ३४ = ७०. आली की नाही! आणि पुढची मोठी जोडी (५७७, ४०८), शुल्बसूत्रांत २ च्या वर्गमुळासाठी जी किंमत आहे ती हीच.

तुमच्याकडचा ए४ कागद पण याच कुळातला. तो मधोमध कापला तरी आकार तोच राहावा म्हणून लांबी-रुंदीचं गुणोत्तर २ चं वर्गमूळ हवं, पण कागद अख्ख्या मिलीमीटरमध्ये कापतात म्हणून २९७ × २१० ठेवलाय, आणि दोन्हीला ३ ने भागा, ९९ आणि ७०.

पेल संख्या म्हणतात त्या याच का?

हो. १, २, ५, १२, २९, ७०, १६९… पुढची काढायला शेवटची दुप्पट करून तिच्या आधीची मिळवायची (२ × २९ + १२ = ७०). शेजारच्या दोन पेल संख्या घेतल्या की ज्याच्या दोन बाजूंत फक्त १ चा फरक आहे असा काटकोन त्रिकोण मिळतो, २९ आणि ७० वरून ४०५९, ४०६० आणि कर्ण ५७४१. आणि ७० च्या अर्ध्याचं पण बघा, ३५² = १२२५ = १ + २ + … + ४९, म्हणजे १२२५ वर्गसंख्याही आहे आणि त्रिकोणी संख्याही, आणि हे सुद्धा त्या ९८०१ − ९८०० = १ मधूनच येतं.

७० त्रिकोणी आहे का? वर्ग? पंचकोनी?

त्रिकोणी नाही (६६ नंतर थेट ७८), वर्ग नाही, पंचकोनी आहे, सातवी: १, ५, १२, २२, ३५, ५१, ७०. दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, ७ हा अवयव आडवा येतो, तीन वर्गांची मात्र येते, ९ + २५ + ३६. दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून पाच प्रकारे: ३ + ६७, ११ + ५९, १७ + ५३, २३ + ४७, २९ + ४१.

मेरुप्रस्तारात ७० कुठे येते?

मेरुप्रस्तार म्हणजे पास्कलचा त्रिकोण, त्यात आठच्या ओळीत बरोबर मध्ये: १, ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १. अर्थ असा की आठ वस्तूंतून चार निवडायचे ७० प्रकार. पिंगलाच्या छंदशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर आठ अक्षरांच्या चरणात लघु-गुरूच्या २५६ रचना होतात, त्यातल्या ७० मध्ये लघु आणि गुरू निम्मे-निम्मे येतात. आणि चारच्या ओळीतले आकडे (१, ४, ६, ४, १) घेऊन त्यांचे वर्ग मिळवा, १ + १६ + ३६ + १६ + १, परत ७०. हे योगायोगाने होत नाही, आठ वस्तूंचे चार-चारचे दोन गट केले आणि पहिल्या गटातून किती घेतल्या ते मोजलं की आपोआप हीच बेरीज बनते.

हर्षद, आनंदी, देवळाली संख्या, यातली ७० कुठली?

हर्षद आहे, कारण अंकांची बेरीज ७ आणि ७० ला ७ ने भाग जातो. हर्षद हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं, देवळालीत शिक्षकी करता करता त्यांनी संख्यांच्या अशा कितीतरी जाती शोधल्या. त्यांचीच देवळाली किंवा स्वयंभू संख्या ही दुसरी जात, जी दुसऱ्या कुठल्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून बनत नाही अशी. ७० त्यात नाही बसत, ६२ + ६ + २ = ७०, म्हणजे ६२ ही तिची जननी सापडली.

आनंदी म्हणजे अंकांचे वर्ग मिळवत जायचं आणि शेवटी १ आला पाहिजे. ७० → ४९ → ९७ → १३० → १० → १. आली. विचित्र असून आनंदी, चालायचंच.

पण सांभाळून, हे तिन्ही प्रकार दशमान पद्धतीचे गुण आहेत, ७० चे नाहीत. बारा पायावर (म्हणजे दहाऐवजी बाराचे गट करून) ७० लिहिली तर अंक ५ आणि १० होतात, बेरीज १५, आणि ७० ला १५ ने भाग जात नाही, म्हणजे तिथे हर्षदपणा गेला. आठ पायावर १०६ होते, बेरीज ७, तिथे परत हर्षद. विचित्रपणाचं असं होत नाही, कुठल्याही पायावर लिहा, नाहीतर काडेपेटीतल्या काड्या मांडून दाखवा, ४ बनणार नाही तो नाहीच.

७० लकी आहे का? अंकशास्त्रात काय म्हणतात?

पुढचा प्रश्न.

विभाजकांची बेरीज परत परत करत गेलं तर ७० चं काय होतं?

७० वरून ७४, ७४ वरून १ + २ + ३७ = ४०, मग ५०, मग ४३, आणि ४३ मूळ असल्याने पुढे १ आणि ०. लवकर संपते. प्रत्येक संख्येची साखळी अशी निकालात निघत नाही, २७६ ची कुठे जाते हे आजपर्यंत कोणालाच कळलेलं नाही.

एखादी संख्या विचित्र आहे का हे स्वतः कोड लिहून कसं तपासू?

संख्या स्वतः सोडून बाकीचे विभाजक काढा, बेरीज करा, संख्या वजा करा, जादा किती ते बघा. जादा शून्य किंवा ऋण आलं तर विषय बंद, विचित्र नाही. धन आलं तर त्या जाद्यापेक्षा मोठे विभाजक फेकून द्या आणि उरलेल्यांतून बरोबर तेवढा जादा बनतो का एवढंच तपासा, नाही बनला तर विचित्र. सगळे नवशिके थेट ती संख्याच बनवायला जातात आणि मग प्रोग्राम ढिम्म होतो, जादावर काम केलं तर ७० साठी फक्त १ आणि २ हे दोनच आकडे हातात राहतात. आणि सुरुवातीलाच ६, २० आणि २८ च्या पटीतल्या संख्या गाळून टाका, अर्धं काम तिथेच वाचतं. दहा हजारांपर्यंत चालवून वरच्या सात संख्या आल्या तर कोड बरोबर आहे.